अप, ऑफ, आउट : इंग्रजी जोडक्रियापदांचा विचार

पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, एक्स्टिंग्विश हे शब्द मराठी माध्यमातून शिकून पदवीधर झालेल्या माणसाला अडवत नाहीत. त्याला अडवतात पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इंटू आणि पुट आउट. अर्थ तेच आहेत आणि शब्द तर पहिली-दुसरीतले. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, एवढे सगळ्यांनाच येते. पण 'आय कान्ट पुट अप विथ धिस' या वाक्यात कोणी काय ठेवले आणि कुठे वर ठेवले, याचा त्या ज्ञानावरून पत्ता लागत नाही. बोलणारा फक्त एवढेच सांगतो आहे की, हे मला सहन होत नाही.

व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी अशा शब्दसमूहांची एक यादी असते. वाक्प्रचार, म्हणी, जोडक्रियापदे सगळी एकाच तक्त्यात, अकारविल्हे लावलेली, समोर अर्थ. ती पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. हा ढीग आधी वेगवेगळा करायला हवा. वाक्प्रचार गोठलेला असतो. त्यातला शब्द बदलला की तो मोडतो. म्हण हे पूर्ण विधान असते. स्लँग ही एखाद्या गटाची ओळख असते. इंग्रजीत ज्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात ते जोडक्रियापद मात्र चालू, जिवंत व्याकरण आहे. त्यातून रोज नवी रूपे घडतात, कारण त्यामागे नियम आहेत. जे नियमाने चालते ते समजून घेता येते, आणि मराठी माणसाला तर ते समजून घ्यायला घरातलाच आधार आहे.

अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नेमके याकडेच बोट दाखवले होते: क्रियापदाला छोटे अव्यय लागले की अर्थ पालटतो, आणि परक्यांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव बऱ्याच उशिरा, 1925 साली, लोगन पियरसॉल स्मिथ यांच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात आले. ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे स्मिथ यांनीच नोंदवले आहे.

प्राचीन इंग्रजीत असले अव्यय बहुधा क्रियापदाच्या आधी जोडले जाई. विदस्टँड, ओव्हरकम, फरगिव्ह ही त्या काळाची रूपे. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत अव्यय क्रियापदाच्या मागे गेले आणि सुटे झाले. आज दोन्ही थर शेजारी-शेजारी दिसतात: ओव्हरटेक आणि टेक ओव्हर. घटक तेच, क्रम उलटा, अर्थ अगदी वेगळा. संस्कृत शिकलेल्याला हे ओळखीचे वाटेल. हृ हा एकच धातू, पण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे त्याचे अर्थ उपसर्गागणिक फिरतात. वैदिक भाषेत हे उपसर्ग धातूपासून सुटून वाक्यात दूरही उभे राहू शकत. नंतरच्या संस्कृतात ते धातूला कायमचे चिकटले. इंग्रजीचा प्रवास उलट दिशेने झाला. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत, तेव्हा हे साम्य वरवरचे मानून सोडून देऊ नये.

1066च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच, आणि विद्येच्या मार्गाने लॅटिन, शब्दांचा मोठा साठा इंग्रजीत आला. दरबार, कायदा, ग्रंथ यांत तो रुजला. घरात आणि बाजारात जुनीच क्रियापदे राहिली. आपल्याकडे इंग्रजी आली ती न्यायालय, कचेरी आणि पाठ्यपुस्तक यांच्या वाटेने. म्हणून आपल्याला पोस्टपोन आधी भेटते आणि पुट ऑफ फार उशिरा.

आता रचनेकडे. दोन वाक्ये घेऊ: 'शी रॅन अप अ हिल' आणि 'शी रॅन अप अ बिल'. पहिली बाई टेकडीवर धावत गेली. दुसरीने बिल फुगवून ठेवले. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत पहिल्या वाक्यातला 'अप' शब्दयोगी अव्यय आहे, तो 'हिल'शी बांधलेला आहे. दुसऱ्यातला 'अप' क्रियाविशेषण अव्यय आहे, तो 'रॅन'शी बांधलेला आहे. ओळखायची कसोटी सोपी: नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहावे. टेकडीच्या बाबतीत 'रॅन अप इट' म्हणावे लागते, बिलाच्या बाबतीत 'रॅन इट अप'. तसेच 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच. 'लुक आफ्टर हर' यात मात्र 'आफ्टर' जागचे हलत नाही, कारण ते शब्दयोगी आहे. आपल्याकडे हा गोंधळ उद्भवतच नाही. 'टेकडीवर' म्हणताना नामाचे सामान्यरूप होते आणि 'वर' त्याला चिकटते, त्यामुळे ते कोणाचे आहे याविषयी शंका उरत नाही. इंग्रजीत ती शंका प्रत्येक वेळी सोडवावी लागते, आणि याद्यांमध्ये तिचा उल्लेखही नसतो.

कानाचाही प्रश्न आहे. मराठीत आघात बदलून अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तो ऐकायला शिकलेलोच नसतो. इंग्रजी जोडक्रियापदात जोर सहसा अव्ययावर पडतो. त्यावरून घडलेल्या नामात तो पहिल्या शब्दावर येतो. चेकअप, ब्रेकअप, बॅकअप, फॉलोअप ही नामे मराठीत मुरलेली आहेत, 'फॉलोअप घे' असे आपण दिवसभर म्हणतो. पण तीच जोडी क्रियापद होऊन वेगळ्या जोराने आली, मध्ये 'इट' घुसले आणि 'पिक इट अप' हे 'पिकिटप' असे एका दमात कानावर आले, की ओळख पटत नाही. म्हणून हा विषय कागदावर शिकून पुरत नाही.

अर्थाचा भाग सगळ्यात समृद्ध आहे. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, ड्राय अप यांत वर काहीच जात नाही. 'अप' सांगतो की क्रिया शेवटाला गेली. मराठी हेच काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. 'दूध पी' आणि 'दूध पिऊन टाक' यांतला फरक सहा वर्षांच्या मुलालाही कळतो, आणि टाकण्याशी त्याचा संबंध नाही हेही कळते. मग जोड्या जुळू लागतात. गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणे. पे ऑफ म्हणजे कर्ज फेडून टाकणे. राइट डाउन म्हणजे लिहून घेणे किंवा ठेवणे. फाइंड आउट, फिगर आउट म्हणजे शोधून काढणे, हुडकून काढणे. इथे तर 'आउट' आणि 'काढणे' यांची मूळ कल्पनाही एकच आहे, आत दडलेले बाहेर आणणे. कॅरी ऑन, कीप ऑन, गो ऑन यांतला 'ऑन' आपल्या 'करत राहा'मधल्या 'राहा'चे काम करतो.

हे साम्य ताणू नये. 'खाऊन घे' आणि 'खाऊन टाक' यांत बोलणाऱ्याची वृत्ती वेगळी आहे: एकात खाणाऱ्याच्या सोयीची काळजी, दुसऱ्यात काम उरकण्याची घाई. इंग्रजी 'अप'मध्ये ती छटा नाही. 'विसरून बसला' यातली चुकचूक कोणत्याही अव्ययात येत नाही. उलट घर जळते तेव्हा 'बर्न्स डाउन' आणि कागद जळतो तेव्हा 'बर्न्स अप', हा भेद आपल्याकडे नाही. पण दिशा कळली की पाठांतराचा भार निम्म्याने उतरतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 साली वर-खाली, आत-बाहेर अशा शारीरिक अनुभवांवर अमूर्त अर्थ कसे उभे राहतात हे दाखवले. फ्रँक बोअर्स यांनी 2000 साली त्याचा शिक्षणात उपयोग करून पाहिला: शब्दसमूह मूळ कल्पनेनुसार गटांत मांडले तर ते जास्त लक्षात राहतात.

किती शिकायचे, यालाही उत्तर आहे. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी 2007 साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये मोजणी केली. केवळ 20 क्रियापदे आणि 8 अव्यये यांच्या जोड्यांनी जोडक्रियापदांच्या एकूण वापराचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग व्यापला. म्हणजे साहित्य मोजकेच आहे, अर्थ मात्र पुष्कळ: सर्वाधिक वापरातल्या 100 जोड्यांना वर्डनेट या कोशात सरासरी 5.6 अर्थ आहेत. म्हणून 2015 साली गार्निए आणि श्मिट यांनी 150 जोड्यांची यादी केली आणि प्रत्येकीचे फक्त खरोखर वापरात असलेले अर्थ दिले. सरासरी दोन अर्थांत काम भागते. वर्गात अशी यादी 'गेट', 'गो', 'टेक' अशा क्रियापदांवरून लावण्याऐवजी अव्ययावरून लावावी: एक पंधरवडा 'अप', पुढचा 'आउट'. प्रत्येक जोडी सर्वनामासकट मोठ्याने म्हणावी.

माणसे ही क्रियापदे टाळतात, हेही अभ्यासलेले आहे. 1985 साली डगट आणि लाउफर यांना आढळले की हिब्रू भाषक विद्यार्थी एका शब्दाचे क्रियापद निवडतात, कारण हिब्रूत अशी रचना नाही. 1989 साली हुल्स्टाइन आणि मारचेना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्ये ही रचना आहे, तरीही डचशी फार मिळतीजुळती जोडी त्यांना संशयास्पद वाटे आणि ते ती टाळत. मराठी भाषक या दोहोंच्या मधे आहे: रचना नाही, पण तिचे काम करणारी दुसरी रचना अंगवळणी पडलेली आहे. भारतीय इंग्रजीतले 'कोप अप विथ' पाहा. प्रमाण इंग्रजीत 'अप' लागत नाही, पण 'पुट अप विथ', 'कीप अप विथ' ऐकून कोणीतरी नियम ताडला आणि लावला. असे रूप कापताना शिक्षकाने त्यामागची समज वाया जाऊ देऊ नये. 'पास आउट'चेही तसेच. 'मी 2012 साली पास आउट झालो' हे आपल्याकडे पदवीविषयी असते. 'पासिंग आउट परेड'मध्ये प्रशिक्षण पुरे करण्याचा लष्करी अर्थ आजही आहे. इतरत्र ऐकणाऱ्याला मात्र माणूस बेशुद्ध पडल्याचे वाटेल.

वाक्प्रचारांसाठी पद्धत निराळी: मूळ शोधावे. 'शो समवन द रोप्स' शिडाच्या जहाजांवरून आला. 'स्टिकी विकेट' तर आपल्याला फुकट मिळतो: पावसाने भिजून उन्हात वाळणारी उघडी खेळपट्टी, जिच्यावर चेंडू कसा उडेल याचा भरवसा नाही. क्रिकेट पाहणाऱ्या मुलाला तो एकदा सांगितला की कायमचा लक्षात राहतो. म्हणींवर फार वेळ घालवू नये. इंग्रज त्या अर्ध्यावरच सोडतात, 'व्हेन इन रोम' किंवा 'टू मेनी कुक्स' एवढेच, जसे आपण 'नाचता येईना' म्हणून थांबतो. ऐकून ओळखता आल्या की पुरे.

स्लँग समजावी, पण गटात रुळेपर्यंत वापरू नये. तिचे आयुष्य बेभरवशाचे असते. जोनाथन स्विफ्टने 1710 साली 'मॉब' या कापलेल्या शब्दावर राग काढला होता, आणि आज तो शब्द न्यायालयाच्या निकालपत्रांत आणि मराठी बातम्यांतही आहे. त्याच्या बरोबरीचे अनेक शब्द मात्र टिकले नाहीत. म्हणून स्लँगचे पुस्तक हातात आले तर आधी त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे.