मेलबर्नचे तीन गोल आणि आपली मैदानं

मागच्या रविवारी सकाळी सांगलीत एका मैदानाकडेला चहा घेत उभा होतो. पाच-सहा पोरं बॉल खेळत होती. कुणाच्या पाठीवर मेस्सी, कुणाच्या रोनाल्डो. पाणी प्यायला आलेल्या एकाला सहज विचारलं, "ऑलिम्पिकमध्ये आपल्याकडून एकाच मॅचमध्ये तीन गोल कुणी मारले, माहितेय?" पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. म्हणालं, "काका, आपण ऑलिम्पिकला फुटबॉल खेळलोय?"

आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. त्याची काहीच चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून करतो. 1952, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथं कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सातारा जिल्ह्यात हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण त्याच हेलसिंकीत आपल्या फुटबॉल टीमचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 असं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. थंडी, ओलं मैदान आणि समोर युरोपातली तगडी टीम. व्हायचं तेच झालं.

तिथून चार वर्षांनी, 1956 ला मेलबर्न. कोच तेच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' सिनेमामुळं हे नाव आता बऱ्याच जणांना कळलंय. कॅप्टन बंगालचा समर 'बद्रू' बॅनर्जी. सोबत पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज. आणि पुढच्या फळीत मधोमध मुंबईचा नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल मूळचा गोव्याचा. 3 ऑगस्ट 1932 ला बार्देशातल्या आसगावात जन्म. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. खेळला, वाढला मुंबईत. टाटा स्पोर्ट्स क्लबचा सेंटर फॉरवर्ड. त्या काळात मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या टीमांवर उभा होता. चांगला खेळाडू दिसला की कंपनी नोकरी द्यायची. त्यामुळं महिन्याचा पगार हातात यायचा आणि संध्याकाळी पाय बॉलवर असायचे. रोव्हर्स कपच्या मॅचेसना कूपरेज भरून जायचं.

मेलबर्नला पहिली मॅच हंगेरीशी होती, पण ती टीम आलीच नाही. त्यामुळं आपण थेट उपांत्यपूर्व फेरीत गेलो. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. तारीख 1 डिसेंबर 1956. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. ऑस्ट्रेलियानं बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा. ऑस्ट्रेलियानं परत बरोबरी केली. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. शेवटी कृष्णस्वामी 'किट्टू'नं चौथा मारला आणि 4-2 नं मॅच आपली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू.

उपांत्य सामन्यात समोर कोण? तेच युगोस्लाव्हिया. दहा गोलवाले. मध्यंतरापर्यंत 0-0. त्यानंतर बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलनं गोल मारला आणि आपण 1-0 नं पुढं! चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा चढवले, त्यांच्यावर आघाडी. ती काही मिनिटंच टिकली. पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांनी तीन गोल मारले, एक आपल्याच खेळाडूकडून गेला, 4-1 नं हरलो. कांस्यपदकाच्या मॅचमध्ये बल्गेरियाकडून 0-3. चौथा नंबर. ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉल याच्या पुढं आजवर गेलेला नाही.

स्पर्धेत सर्वाधिक गोल चार. ते तिघांच्या नावावर होते. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि आपला नेव्हिल डिसोझा. सुवर्ण जिंकलेल्या सोव्हिएत युनियनच्या टीममध्येही त्यांच्या पुढं कुणी नव्हता.

आता काही जण म्हणतील, टीमाच कमी आल्या होत्या, ऑस्ट्रेलियाही तेव्हा कच्ची होती. टीमा कमी होत्या हे खरंय, अकराच खेळल्या. पण समोर जी टीम उभी असते तिच्यावरच गोल मारायचा असतो. आणि युगोस्लाव्हिया काही कच्ची नव्हती, ती फायनल खेळली. राहिली ऑस्ट्रेलिया, तर ऑलिम्पिकनंतर त्याच महिन्यात सिडनीला पुन्हा मॅच झाली, तेव्हा आपण 7-1 नं जिंकलो.

एवढं करून या माणसाला काय मिळालं? 1961 ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला. नेव्हिलला तो मिळाला नाही. 17 मार्च 1980 ला तो गेला, अवघ्या 47 व्या वर्षी. आज वांद्र्यात त्याच्या नावाचं मैदान आहे, तेवढं समाधान.

आपल्या खाशाबांनाही अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. ते 1984 ला गेले, पुरस्कार आला 2000 साली. म्हणजे सरकारदरबारी दोघांची कथा जवळजवळ सारखीच. फरक कुठं पडला? खाशाबांच्या मागं गोळेश्वर होतं, कराड होतं, तालमी होत्या. सरकार विसरलं तरी गाव विसरलं नाही. कवठेपिरानच्या मारुती मानेंचंही तेच. नेव्हिलच्या मागं असं कुणी नव्हतं. गोवेकर म्हणाले तो मुंबईचा, मुंबईकर म्हणाले तो टाटाचा. ज्याचं गाव नाही त्याची आठवण कुणी ठेवायची?

मला नेव्हिलपेक्षा जास्त काळजी आजच्या पोरांची वाटते. सांगलीपासून पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींनी फुटबॉलच्या टीमा उभ्या केल्या. पेठेच्या इज्जतीचा प्रश्न म्हणून शाहू स्टेडियम भरतं. 2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. हे आभाळातून पडलं नाही. आपल्याकडं तालीम कुस्तीपुरती राहिली आणि फुटबॉल शाळेच्या स्पर्धेपुरता. दहावी झाली की बूट माळ्यावर.

माझंही तसंच झालं. आम्ही ज्या ग्राउंडवर खेळायचो तिथं दर दिवाळी-उन्हाळ्यात प्रदर्शनं लागायची. मांडव निघाला की खड्डे आणि खिळे मागं राहायचे. आधी दोन दिवस खिळे वेचायचो, मग खेळायचो. माझा एक दोस्त दोन्ही पायांनी गोल मारायचा. बारावीनंतर त्यानं घरच्या दुकानाचा गल्ला सांभाळायला घेतला. तो नेव्हिल झाला असता असं मी म्हणत नाही. पण तो काय होऊ शकला असता हे कळायची सोयच आपल्याकडं नव्हती.

मुंबईतल्या कंपन्यांच्या टीमाही एकेक करून बंद पडल्या. महिंद्रा युनायटेड 2010 ला बंद झाली. रोव्हर्स कपही इतिहासजमा झाला. म्हणजे नेव्हिल ज्या वाटेनं वर आला ती वाटच मोडली. नवी वाट जिल्ह्यांतूनच काढायला लागेल.

मागणी फार मोठी नाही. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांत निदान एकेक मैदान असं ठेवा जिथं वर्षभर मांडव पडणार नाही. आपल्याकडं साखर कारखाने आहेत, बँका आहेत, शिक्षणसंस्था आहेत. दोन-चार जणांनी मिळून जिल्ह्याची लीग चालवली, चांगल्या खेळाडूला नोकरी दिली, तर कुणाचं दिवाळं निघणार नाही. कुस्तीच्या फडाला वर्गणी देणारे हात आपल्याकडं आहेतच.

आणि हो, त्या पोराला मी मैदानावरच सगळी गोष्ट सांगितली. शेवटी त्यानं एकच विचारलं, "त्याचा नंबर काय होता?" मला सांगता आला नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर कळवा, त्याला जर्सीवर टाकायचाय.