टॅन्टलाइझ

टॅन्टलाइझ : इंग्रजीतील सकर्मक क्रियापद. हवीशी वस्तू समोर ठेवायची, हात पुढे आला की ती दूर सारायची आणि अशा रीतीने एखाद्याला तळमळत ठेवायचे, हा त्याचा मूळ अर्थ. मोह पाडण्याच्या अर्थाची क्रियापदे इंग्रजीत बरीच आहेत. वस्तू दिसत राहावी पण हाती लागू नये, ही अट मात्र या शब्दाच्या अर्थातच आहे. ब्रिटनमध्ये त्याच्या लेखनात बहुधा ‘एस’ आणि अमेरिकेत ‘झेड’ हे अक्षर येते, उच्चार एकच. क्रियापदापेक्षा ‘टॅन्टलायझिंग’ हे विशेषण आज अधिक कानांवर पडते.

व्युत्पत्ती : टॅन्टलस या ग्रीक पुराणकथांतील राजाच्या नावाला क्रियापदाचा प्रत्यय जोडून सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द तयार झाला. मेस्मर या वैद्याच्या नावावरून ‘मेस्मराइझ’ आणि लुई पाश्चर यांच्या नावावरून ‘पाश्चराइझ’ ही क्रियापदे पुढे याच रीतीने बनली. फ्रेंच आणि जर्मन भाषांत ‘टॅन्टलसची शिक्षा’, ‘टॅन्टलसच्या यातना’ असे नामवाचक प्रयोग आहेत. टॅन्टलस या नावाच्या मुळाशी ‘सोसणे, पेलणे’ या अर्थाचा प्राचीन धातू असावा, असे एक मत आहे. संस्कृतातील ‘तुला’ आणि मराठीतील ‘तोलणे’ यांचा संबंध याच धातूशी जोडला जातो.

मूळ कथा : टॅन्टलस हा झ्यूस देवाचा मुलगा आणि सिपिलस पर्वताच्या परिसरातील राजा. हा पर्वत आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, मनिसा शहराजवळ आहे. देवांच्या पंगतीला बसण्याचा मान त्याला होता. तो त्याला पचला नाही. काही कथांप्रमाणे त्याने देवांचे अन्न चोरून माणसांना वाटले. दुसऱ्या कथेत त्याने पेलॉप्स या आपल्या मुलालाच मारून, शिजवून देवांना वाढले. लेकीच्या शोकात भान हरपलेल्या डिमीटर देवीने खांद्याचा घास घेतला. बाकीच्या देवांनी ओळखले. पेलॉप्सला पुन्हा जिवंत केले आणि खांद्याच्या जागी हस्तिदंत बसवले. पिंडार या कवीने मात्र मुलाला शिजवल्याची गोष्ट खोटी ठरवली. त्याच्या मते अपराध होता तो देवांचे अमृत चोरल्याचा.

शिक्षेचे प्रसिद्ध वर्णन होमरच्या ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात येते. टॅन्टलस पाताळातल्या तळ्यात हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे. प्यायला वाकला की पाणी ओसरते आणि पायांखालची काळी जमीन उघडी पडते. डोक्यावर नासपती, डाळिंबे, सफरचंदे, अंजिरे लगडली आहेत. हात उंचावला की वारा फांद्या ढगांकडे उडवतो. ना पाणी संपते, ना आशा, आणि म्हणून शिक्षाही संपत नाही.

अर्थ आणि वापर : या क्रियापदाचे कर्म बहुधा मोहात पडलेली व्यक्ती असते, वस्तू नव्हे. ‘टेम्प्ट’चे मूळ लॅटिनमधील ‘पारखणे’, ‘सिड्यूस’चे मूळ ‘बाजूला नेणे’, तर ‘ल्यूअर’ म्हणजे मूळचा बहिरी ससाण्याला परत बोलावण्यासाठी फिरवायचा पिसांचा जुडगा. या तिन्ही शब्दांपुढे माणूस कशाला प्रवृत्त झाला किंवा कुठे ओढला गेला, ते सांगता येते. टॅन्टलाइझनंतर तसे सहसा येत नाही. कशाने तळमळत ठेवले, एवढेच येते. कारण या मोहाची परिणती कृतीत होत नाही.

काळाच्या ओघात शब्दातील छळाची धार बोथट झाली. बेकरीतून येणारा वास, अर्धवट सापडलेला पुरावा, एका धावेने हुकलेला विजय यांनाही आता तो लागू होतो. फिरकी गोलंदाजाने उंची देऊन टाकलेला चेंडू पुढे येऊन खेळावा की मागे जाऊन, हे फलंदाजाला ठरवता येत नाही. त्या टप्प्यालाही इंग्रजी समालोचक हेच विशेषण लावतात.

नावाचा इतर प्रवास : स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आंदेर्स एकेबेरी यांनी 1802 मध्ये एका नव्या मूलद्रव्याचा शोध लावला. त्याचे ऑक्साइड आम्लात बुडवले तरी आम्ल घेईना, म्हणून त्यांनी त्याला टँटलम हे नाव दिले. त्याचा अणुक्रमांक 73 असून मोबाइल फोनमधील छोट्या धारित्रांत ते वापरले जाते. 1844 मध्ये हाइनरिख रोझ यांनी टँटलमच्या खनिजांत सोबतीला आढळणारे दुसरे मूलद्रव्य वेगळे ओळखले. त्याला टॅन्टलसची मुलगी नायोबी हिच्यावरून नायोबियम हे नाव मिळाले. व्हिक्टोरियन काळात मद्याच्या काचेच्या सुरया दिसतील पण काढता येणार नाहीत, अशा कुलूपबंद चौकटीलाही ‘टॅन्टलस’ म्हणत. भिगवणच्या पाणथळीत दिसणाऱ्या चित्रबलाकाचे पहिले शास्त्रीय नावही टॅन्टलस या प्रजातीनामाने सुरू होत असे.

टॅन्टलसचा प्याला हे विज्ञानाचे खेळणे आपल्याकडे वसुदेवाचा प्याला म्हणून ओळखीचे आहे. प्याल्यात बाळकृष्णाला डोक्यावर घेतलेला वसुदेव उभा असतो आणि मूर्तीच्या पोटात वाकलेली नळी दडवलेली असते. पाणी कृष्णाच्या पावलाला लागले की नळीचे वळण भरते, वक्रनलिकेचा प्रवाह सुरू होतो आणि सगळे पाणी तळाच्या भोकातून निघून जाते. युक्ती तीच, कथा उलट : तिथे तहानलेल्यापासून पाणी पळते, इथे यमुना पाय शिवून वाट देते.

मराठी पर्याय : ‘कोपराला गूळ लावणे’ हा वाक्प्रचार मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा आहे. गूळ स्वतःच्याच अंगावर, पण जीभ कितीही लांबवली तरी तिथवर पोचत नाही. मात्र गूळ लावणारा कोणीतरी असावा लागतो. म्हणून निवडणुकीतील आश्वासने, रखडलेली बढती यांसाठी तो चपखल बसतो. वास किंवा पुरावा यांसाठी नाही. व्यक्तीबाबत ‘झुलवणे’, यशाबाबत ‘हुलकावणी देणे’, पदार्थाबाबत ‘तोंडाला पाणी सुटणे’ हे पर्याय प्रसंग पाहून निवडावे लागतात. भाषांतरात सरसकट वापरला जाणारा ‘मोहात पाडणे’ हा पर्याय अपुरा आहे. मोहात पडलेल्याला निदान फळ चाखता येते, टॅन्टलसला तेही नाही.