अक्षराला आसन मिळेपर्यंत

वाचकहो, माजिवड्याच्या नाक्यावरून घोडबंदर रस्त्याला वळताना पाट्या वाचून पाहा. ‘ॲल्युमिनियमची भांडी’, ‘ॲडव्होकेट अमुक अमुक’. अ वर चंद्र! शाळकरी पोरही ते अक्षर बिनचूक वाचते. पण याच अक्षराला संगणकाच्या सारणीत स्वतःचे आसन मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

संगणकाला अक्षर कळत नाही, कळतो तो आकडा. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक नेमून द्यावा लागतो. भारतात १९८८ साली ‘इस्की’ नावाची अशी सारणी झाली. १९९१ साली जगातील लिप्यांसाठी ‘युनिकोड’ निघाले, आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. अ ला २३०९ क्रमांक मिळाला. ए वर चंद्र असलेला, हिंदी वळणाचा ‘ऍ’ही आत आला. आपला ‘ॲ’ तेवढा दाराबाहेर राहिला!

मग कोणी ‘ऍ’ वर भागवले, तर कोणी अ लिहून त्याला चंद्राची मात्रा जोडली. मात्र यंत्र असे फसत नाही. एका यादीत एका विद्यार्थिनीचे नाव शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला. नाव होते, पण दुसऱ्या रीतीने लिहिलेले. डोळ्यांना दोन्ही जुळी भावंडे, यंत्राच्या लेखी दोन परकी माणसे!

तुम्ही म्हणाल, एक अक्षर घ्यायला एवढी खळखळ कशाला? कारण असे की, एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही आणि अक्षराचे ठरलेले नावही बदलायचे नाही, असा तिथला नियम आहे. म्हणून मागणाऱ्याला आधी पुरावा द्यावा लागतो. छापील नमुने कुठे आहेत? वापरते कोण? आहे त्यात का भागत नाही?

शिवाय अक्षर वेगळे की नुसते वळण वेगळे, हेही पाहतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे. पण अक्षर तेच, म्हणून क्रमांकही तोच. वळण सांभाळणे हे टंकाचे काम. ‘ऱ’ ला मात्र वेगळी जागा आहे. म्हणून तर आपण ‘आचार्यांना’ नमस्कार करतो आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगतो!

अखेर २००८ साली ‘ॲ’ ला २४१८ क्रमांक मिळाला. अ च्या शेजारच्या जागा केव्हाच भरल्या होत्या, म्हणून तो असा दूर बसला. नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने तो मराठी वर्णमालेतही आला.

रुपयाच्या चिन्हाची गोष्ट निराळी. जुलै २०१० मध्ये सरकारने ते मंजूर केले, आणि ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये दाखल झाले. त्याच्यामागे सरकार उभे होते. मोडीमागे कोण होते? शतकानुशतके दप्तरे सांभाळणारी ही लिपी. तिच्यासाठी अंशुमन पांडे या अभ्यासकाने २०११ साली सविस्तर प्रस्ताव मांडला, आणि २०१४ साली तिची ७९ चिन्हे सारणीत बसली.

तेव्हा गुरुजनहो, शाळेच्या कपाटातले जुने बालबोध पुस्तक किंवा घरातला मोडी कागद रद्दीत टाकण्यापूर्वी दोनदा विचार करा. अक्षराच्या बाजूने साक्ष द्यायला शेवटी असलाच एखादा पिवळा कागद उभा राहतो.