‘मुळशी’ या शब्दाची बोली

पुण्याजवळच्या मुळशीत जमिनीवरून रणकंदन झाले ते १९२१ मध्ये. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत सेनापती बापटांमागे उभे राहिले. धरण झालेच. पुढे हिंजवडीत (तीही मुळशी तालुक्यातलीच) आयटी पार्क आला, पिरंगुट-पौडकडे प्लॉट पडले, धरणाच्या पाण्याकाठी रिसॉर्ट उभी राहिली. या मालाचे गिऱ्हाईक पूर्वी पेपरातल्या छोट्या जाहिराती चाळायचे. आता ते मोबाइलवर गूगलमध्ये ‘मुळशी’ टाइप करते, आणि त्या शब्दावर लिलाव लागतो.

ही युक्ती गूगलची नव्हे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शब्दांची उघड बोली सुरू केली: ज्याची बोली मोठी त्याचे नाव वर, आणि पैसे फक्त क्लिक झाले तरच. गूगलने २००० मध्ये ३५० जाहिरातदारांनिशी ‘अ‍ॅडवर्ड्स’ आणले आणि २००२ मध्ये तेही लिलावावर आले, पण सुधारणा करून. बोलीबरोबर जाहिरातीवर किती क्लिक पडतात तेही मोजायचे, आणि आकारायचे ते खालच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यापुरतेच. तोवर ओव्हर्चर झालेल्या गोटूने गूगलवर पेटंटचा दावा ठोकला. याहूने २००३ मध्ये ओव्हर्चर विकत घेतली, पुढच्या वर्षी गूगलने २७ लाख शेअर देऊन तंटा मिटवला. गूगल स्वस्तात सुटली.

ब्रँडच्या नावावर दुसऱ्याने बोली लावली, तर निदान भांडता तरी येते. भारत मॅट्रिमोनी भांडली. तिच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला १३५.८६ कोटींचा दंड केला. पण तो शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल. अ‍ॅडवर्ड्समध्ये आयोगाला कायदाभंग दिसला नाही.

‘मुळशी’ हे नाव तर कोणाच्याच मालकीचे नाही. काठावर चार खोल्या भाड्याने देणारा शेतकरी आणि देशभर पसरलेली बुकिंग कंपनी एकाच शब्दावर बोली लावू शकतात. नियम दोघांना सारखे, खिसे नाहीत.

वेबसाइटवर दिसणाऱ्या जाहिरातींचा बाजार वेगळा, पण तिथेही पुण्याचा संबंध येतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या पबमॅटिक या जाहिरात-तंत्रज्ञान कंपनीचे मोठे अभियांत्रिकी काम पुण्यात चालते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने या बाजारातल्या गूगलच्या मक्तेदारीला बेकायदा ठरवले. सप्टेंबरमध्ये पबमॅटिकने गूगलवर भरपाईचा दावा लावला.

महाराष्ट्रात गिऱ्हाइकाच्या हाती एक साधे हत्यार आहे. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची जाहिरात महारेरा या स्थावर मालमत्ता नियामकाच्या क्रमांकाशिवाय करता येत नाही, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मुळशीत प्लॉट बघत असाल, तर ‘प्रायोजित’ म्हणजे पैसे भरलेले एवढेच समजा, आणि इसार देण्याआधी तो कोड स्कॅन करा.