अन्नछत्रातला भात आणि दुधाचे दात

आपल्या चिंचणीत जुने ताम्रपट सापडले, हे तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकलं असेल. त्यातला एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा आहे. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचं राज्य होतं आणि संजाणचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब अधिकारी पाहत होता. त्याने लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्या आणि एक अन्नछत्र उघडलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं, असं त्या ताम्रपटात कोरलेलं आहे.

पानात वाढलेलं अन्न अंगी लागायचं, तर पहिलं काम तोंडाचं. मोठ्या माणसाला बत्तीस दात. पटाशीचे दात तुकडा तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात. दाढा म्हणजे आपलं तोंडातलं जातंच. घास बारीक होतो तसा त्यात लाळ मिसळते आणि भाता-भाकरीतल्या पिठाची साखर व्हायला लागते. म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते. पोटाला दात नाहीत. तोंडाने टाळलेलं काम पोटावर पडतं.

राजाच्या आणि अधिकाऱ्याच्या दानाची नोंद तांब्यावर झाली. साध्या बायाबापड्यांनी काय खाल्लं, किती खाल्लं, ते कोणी लिहिलं? ते त्यांच्या दातांवर उरलं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथली माणसं आपली गेलेली लेकरं मातीच्या रांजणात ठेवून घरातच जमिनीखाली पुरत. अभ्यासकांनी त्या लेकरांचे दुधाचे दात तपासले. काही सुळ्यांवर बारीक खळगे दिसले. जन्माच्या आसपास पोषण कमी पडल्याची ती खूण मानली जाते.

असं का होतं? दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. दाताचं वरचं कवच एकदा तयार झालं की हाडासारखं पुन्हा भरून येत नाही. उपासमारीचा डाग तसाच राहतो.

आता आपल्या घरात बघू. आपण सगळ्यांना वाढून शेवटी बसतो आणि उरलंसुरलं भराभर गिळून उठतो. दाढ दुखली की मशेरी लावतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या खराब होतात, तोंडाचा कॅन्सरही होतो. मग दाढा पडतात. नागलीची भाकरी, शेंगदाणे, सुका बोंबील चावत नाही, म्हणून चहात बटर बुडवून दिवस काढतो. अंगात रक्त कुठून येणार?

म्हणून गटाच्या बैठकीत एवढं ठरवू या. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर तिचं ताट पहिल्या पंगतीत, आणि तिला सावकाश जेवू द्यायचं. मशेरीची डबी बंद. दुखणारी दाढ अंगावर काढायची नाही, सरकारी दवाखान्यात दाखवायची.

मधुमतीच्या अन्नछत्रात परक्या वाटसरूलाही पोटभर मिळत होतं. आपल्या घरातल्या बाईला तेवढं तरी मिळायला हवं.