जट देवीची नाही, गुंत्याची

आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या लेकीचे केस दाट, कुरळे. विंचरताना पोर रडायची, म्हणून विंचरणं राहून गेलं. मानेपाशी गुंता झाला. शेजारीण म्हणाली, "देवीची जट आलीय, कापू नका बाई."

हे साधं बोलणं नाही. जट आली म्हणून कितीतरी मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला, महाराष्ट्रात २००५ साली पुन्हा करावा लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी समजावून अनेक बायकांच्या जटा कापल्या.

कुरळ्या केसांत डोक्याचं तेल टोकापर्यंत उतरत नाही. केस कोरडे पडतात, एकमेकांत अडकतात. म्हणून केस ओलसर असतानाच थोडं खोबरेल लावा. मोठ्या दातांच्या फणीनं आधी टोकं सोडवा, मग हळूहळू वर जा. सैल वेणी घाला.

आपल्या लेण्यांतल्या बुद्धमूर्ती पाहा, त्यांचेही केस कुरळेच कोरलेत.

ताईंनी गुंता कापला. देवी काही कोपली नाही.