काचेचें तळें आणि वॉरिंग्टन पितापुत्र

बाजारांतून नवी काचेची टाकी घरीं येते. वाळू दहा वेळां धुतली जाते, नळाचें स्वच्छ पाणी भरलें जातें, पाणवनस्पतीच्या दोन-चार काड्या खोंवल्या जातात, आणि त्याच दिवशीं सायंकाळीं पांच-सहा रंगीत मासे त्यांत सोडले जातात. दोन दिवस घरांतील लहानथोर त्या टाकीसमोरून हालत नाहींत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र मासे मंदावतात, पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागतात, आणि आठवडा सरतो न सरतो तोंच एक मासा उताणा तरंगतांना दिसतो. पाणी पाहावें तर आरशासारखें निर्मळ! घरधनी दुकानदाराला बोल लावतो, आजीबाई दृष्ट लागली म्हणतात, मुलें हिरमुसतात. त्या निर्मळ पाण्यांत काय घडलें, याचा उलगडा होण्यास शास्त्राला चाळीस वर्षें लागलीं. योगायोग असा कीं, या शोधाचा पूर्वार्ध एका लंडनवासी रसायनज्ञाच्या नांवें जमा आहे, आणि उत्तरार्धांत त्याच्याच मुलाचा मोठा वांटा आहे. दोघांचें नांवहि एकच : रॉबर्ट वॉरिंग्टन.

भांड्यांत मासे पाळण्याची हौस तशी जुनी. चीनमध्यें सोनेरी मासे मोठमोठ्या कुंड्यांत पाळीत, आणि १५९६ सालीं तेथें या माशांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें गेलें. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें १६६५ सालच्या मे महिन्यांत एका ओळखीच्या घरीं काचेच्या भांड्यांतले परदेशी मासे पाहिले, आणि ते तसे कायमचे जगतात अशी नोंद मोठ्या कौतुकानें केली. पीप्सला कोणी तसें सांगितलें असेल; पण वस्तुस्थिति निराळी होती. माशांना जगविण्याचा एकच उपाय त्या काळीं ठाऊक होता, तो म्हणजे पाणी वरचेवर बदलणें. बदलावयाचें राहिलें कीं मासा मरे, आणि तो कां मेला याचा खल करीत बसण्याचें कोणास कारण नव्हतें.

थोरला वॉरिंग्टन १८०७ सालीं जन्मला. लंडनची केमिकल सोसायटी १८४१ सालीं निघाली, तिच्या संस्थापकांत तो प्रमुख होता. पुढल्याच वर्षीं अपॉथिकरीज हॉल या औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेंत त्याची रसायनज्ञ म्हणून नेमणूक झाली, आणि बिऱ्हाडहि त्याच इमारतींत थाटलें गेलें. १८४९ च्या मे महिन्यांत त्यानें सुमारें १२ गॅलन मापाचें एक काचेचें भांडें घेतलें, तळाशीं वाळू, चिखल आणि दगडांचे तुकडे घातले, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. वनस्पति सूर्यप्रकाशांत कर्बाम्ल वायु घेऊन प्राणवायु देतात, हें प्रीस्टले आणि इंगेनहाउझ यांच्या काळापासून विद्वानांना माहीत होतें. वॉरिंग्टनचा प्रश्न एवढाच कीं, मासा व वनस्पति यांना एकाच भांड्यांत ठेविलें तर पाणी न बदलतां दोघांचा संसार चालेल काय?

कांहीं दिवस तो चालला. नंतर वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, काचेवर हिरवा थर चढूं लागला. सामान्य हौशी माणसानें भांडें ओतून दिलें असतें. वॉरिंग्टननें तळ्यांत काय होतें तें आठवलें, आणि पांच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें फस्त केलीं, पाणी निवळलें, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून उपयोगीं पडलीं. १८५० च्या मार्चमध्यें हा वृत्तान्त त्यानें केमिकल सोसायटीपुढें वाचला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय अशा तिघांच्या देवघेवीनें पाण्याचा तोल राखला जातो, असा त्याचा सिद्धान्त होता.

हा तोल इंग्लंडला विलक्षण आवडला. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. पुढल्या वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेत्त्याचें 'द अक्वेरियम' हें पुस्तक आलें, आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत काचेचीं तळीं दिसूं लागलीं. सृष्टींतील सुव्यवस्थेचा एक छोटा पुरावाच टेबलावर मांडल्याचें समाधान त्यांत होतें. तथापि, बहुतेकांचे मासे मेले. कांहीं वर्षांत ती लाट ओसरली आणि रिकाम्या टाक्यांची रवानगी माळ्यावर झाली. अल्फर्ड लॉइड नांवाच्या व्यापाऱ्यानें मात्र चिकाटी सोडली नाहीं. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्यानें मत्स्यालय उभारलें, तेव्हां प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा हौद त्यानें अंधारांत बांधला, आणि पाणी त्यांतून सतत खेळतें ठेविलें. पुस्तकी विद्येपेक्षां त्याचा हा अनुभव अधिक शहाणा ठरला.

तोलाच्या सिद्धान्तांत उणें काय होतें? त्यांत हिशेब होता तो केवळ दोन वायूंचा. मासा कर्बाम्ल वायु सोडतो हें खरें. पण त्यासोबत तो आपल्या कल्ल्यांवाटे अमोनियाहि सोडीत असतो. उरलेलें खाद्य कुजतें, त्यांतूनहि अमोनियाच निघतो. तळें मोठें आणि मासे थोडे असले कीं हें विष पांगून जातें. दोन हात लांबीच्या टाकींत तें सांचतें. त्याला रंग नाहीं, आणि मासा मरण्यापुरतें त्याचें प्रमाण झालें तरी माणसाच्या नाकाला तें जाणवत नाहीं. मग तळ्यांतल्या अमोनियाचें होतें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर माशांच्या अभ्यासकांनीं दिलें नाहीं. तें शेतांतून आणि सांडपाण्यांतून आलें.

हिंदुस्थानाचाहि येथें दूरचा संबंध पोंचतो. बिहारमधील नोनिया लोक गांवांतील जुन्या भिंती आणि गुरांच्या गोठ्यांजवळची माती खरवडून तिच्यांतून सोरा काढीत. तो सोरा ईस्ट इंडिया कंपनीनें जहाजें भरभरून युरोपांत नेला, आणि तेथील तोफांची दारू त्यावर बनली. जनावरांच्या मूत्रांतून मातींत सोरा कसा तयार होतो, हें मात्र कोणास सांगतां येत नव्हतें. हवेच्या साहाय्यानें घडणारी ही एक रासायनिक क्रिया असावी, असा सर्वसाधारण समज होता.

१८७७ सालीं श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू आणि चुनखडी भरलेल्या उंच नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपूं दिलें. वीस दिवसपर्यंत कांहींच घडलें नाहीं. वरून पडणारा अमोनिया खालून जसाच्या तसा बाहेर येई. त्यानंतर नायट्रेट दिसूं लागलें, आणि अमोनिया हां हां म्हणतां नाहींसा झाला. केवळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशीं सुरू झाली असती. मग त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया तत्काळ थांबली. वाफ काढून घेतली तरी ती परत सुरू होईना. थोडी ताजी माती पाण्यांत कालवून ओतली, तेव्हां कांहीं दिवसांनीं ती पुन्हां चालूं झाली. नळींत सजीव कामकरी होते आणि त्यांना वाढण्यास वीस दिवस लागले होते, याविषयीं मग शंकेस जागा उरली नाहीं.

इंग्लंडमध्यें रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगक्षेत्रावर धाकटा वॉरिंग्टन याच सुमारास कामाला लागला होता. शेतांत घातलेलें खत नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातें, ही तेथील चिंता. त्यानें फ्रेंच प्रयोग पडताळून पाहिले, आणि पुढें अनेक वर्षें तो लहान लहान बाटल्यांत अमोनियाचे द्रव ठेवून त्यांत मातीचें विरजण लावीत राहिला. त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कांहीं बाटल्यांतील जंतु अमोनियाचें नायट्राइट करून तेथेंच थांबत. दुसऱ्या बाटल्यांतील जंतु नायट्राइटचें नायट्रेट करीत, पण अमोनियाला शिवत नसत. काम दोन टप्प्यांचें होतें आणि कामकरीहि दोन जातींचे होते. त्यांना जिलेटिनवर वेगळें वाढविण्याचा यत्न त्यानें पुष्कळ केला, पण तो फसला. कारण हे जंतु सेंद्रिय अन्न पसंत करीत नाहींत, ही त्यांची खोड त्या वेळीं उघड झालेली नव्हती. १८९० सालीं झुरिकमध्यें सर्गेई विनोग्राडस्की यानें निव्वळ खनिज द्रवांत त्यांना वाढविलें, आणि शोधाचें श्रेय बव्हंशीं त्याच्याकडे गेलें. धाकट्या वॉरिंग्टनचें नांव आतां पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतें, ही त्याच्या बाटल्यांच्या हिशेबानें अन्यायाचीच गोष्ट होय.

नव्या टाकींतील मृत्यूची कथा आतां सरळ लागते. धुतलेल्या वाळूंत आणि क्लोरिन घातलेल्या नळाच्या पाण्यांत हे कामकरी जवळजवळ नसतातच. मासे सोडल्यापासून अमोनिया चढत जातो. पहिल्या जातीचे जंतु वाढले म्हणजे तो उतरतो आणि नायट्राइट चढतें. हें दुसरें विष माशाच्या रक्तांत शिरून त्याची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरण करतें, त्यामुळें रक्त तपकिरी पडतें. मग दुसरे जंतु वाढतात, नायट्राइटहि उतरतें आणि बरेंचसें निरुपद्रवी असें नायट्रेट उरतें. उबदार पाण्यांत या सर्वांस साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. फ्रेंच नळीचे ते वीस दिवसच हे. फरक एवढाच कीं, या नळींत मासे अडकलेले असतात.

पाण्याच्या जातीनेंहि फरक पडतो. २५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्याचें पीएच मान ७ असेल तर अमोनियाचा शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक भागच विषारी रूपांत असतो. तें ८ झालें कीं शेंकडा पांचांहून अधिक. म्हणून एका घरीं तगलेले मासे शेजारच्या घरीं मरतात. मासे आधींच टाकींत आहेत अशा वेळीं जाणते लोक एक-दोन मासेच ठेवतात, खाद्य हात राखून घालतात, आणि क्लोरिन घालविलेल्या पाण्यानें रोज थोडें पाणी बदलतात. नायट्राइट चढलेलें असतां पाण्यांत किंचित् मीठ घातल्यानें तें कल्ल्यांतून आंत शिरण्यास अडथळा होतो. जुन्या टाकीच्या गाळणींतला मळकट स्पंज मागून आणणें हा सर्वांत उत्तम उपाय. दह्याला विरजण लावणाऱ्या घरांत हें समजावून सांगावें लागूं नये. पण टाकीचा मालक तोच स्पंज नळाखालीं खळखळून धुतो आणि आपलें विरजण मोरींत सोडून देतो!

नवल वाटतें तें एवढ्याचेंच कीं, हें ज्ञान शेतांतून काचेच्या टाकीपर्यंत पोंचण्यास फार काळ गेला. विनोग्राडस्कीनंतर अर्धें शतक उलटलें तरी हौशी मंडळी तोलाचाच जप करीत होती. १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स अ‍ॅट्झ यानें हा तोल म्हणजे एक दंतकथा आहे असें स्पष्ट लिहिलें. टाकींत प्राणवायु येतो तो मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागांतून, वनस्पतींतून नव्हे, असें त्याचें म्हणणें होतें. जंतूंची ओळखहि पुढें बदलत गेली. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटवर काम करणारे जंतु पुस्तकांतले नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा आहेत, असें १९९८ सालीं दिसून आलें. आणि २०१५ सालीं तर दोन्ही टप्पे एकट्यानेंच पार पाडणारे जंतु सांपडले.

मग थोरल्या वॉरिंग्टनचे दोन मासे जगले कसे? मासे दोनच होते, पाणी थंड होतें, वनस्पतीनें कांहीं अमोनिया परस्पर शोषून घेतला असेल. शिवाय त्यानें वाळूबरोबर चिखल घातला होता, आणि त्या चिखलांतून हे अदृश्य कामकरी भांड्यांत आले असले पाहिजेत. भांडें अपॉथिकरीज हॉलमध्यें ठेवलें गेलें, तेव्हां त्याच घरांत वाढणारा धाकटा रॉबर्ट दहा वर्षांचा होता.